चमत्कार गरम होईपर्यंत

चढावर गाडी अडली की आधी चहावाल्याचा धंदा वाढतो आणि मग भक्ती. त्या सकाळी दोन्ही एकदमच वाढले होते. डायलिसिस केंद्राची पांढरी व्हॅन केंद्राच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, ऐन चढात रुसून उभी होती. आत रुग्ण, बाहेर बघे. कोणी भिंतीवर, कोणी गच्चीवर. एक जण तर सायकलच्या कॅरिअरवर उभा राहून पाहत होता. सायकल कोणी धरली आहे, याची त्याने चौकशीही केली नव्हती. याला म्हणतात श्रद्धा.

"सरका, सरका! बाबांना वाट द्या!"

पोट पुढे आणि पट्टशिष्य मागे अशा थाटात स्पर्शबाबा आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटले आणि गर्दीकडे वळले.

"लोखंडाला जीव नसतो, असं कोण म्हणतं? ज्याला गंज चढतो त्याला म्हातारपण असतं. ज्याला म्हातारपण असतं त्याला आत्मा असतो. हे विज्ञान आहे, बाळांनो. कंपन! सगळं कंपन आहे!"

गाडीचं इंजिन चालू होतं आणि गाडी खरंच कंपत होती. त्यामुळे आक्षेप घ्यायला कोणाला जागाच नव्हती.

"किल्ली काढा. माझ्या हातात द्या. या चढावर हिला कोणीतरी मागे ओढतंय. दर वेळी इथेच का अडते? विचारा स्वतःला!"

लोकांनी स्वतःला विचारलं. उत्तर न आल्याने पोरं जवळ ओढून धरली.

पट्टशिष्याने बॉनेट उघडलं आणि 'आतल्या नाडीला' बाबांचं पाणी लावायला तो कमरेपर्यंत आत वाकला. बाबा बॉनेटच्या कडेवर तळहात टेकून, डोळे मिटून उभे राहिले. उभे म्हणजे किती उभे? लोकांचा चहा पिऊन झाला, कप विसळून झाले, पुन्हा चहा आला, तरी उभेच. शेवटी शिष्य बाहेर आला, बॉनेट खाली पडलं, बाबांनी डोळे उघडले.

"लाव किल्ली."

आणि मघाशी धाडकन झटका देऊन जागीच घुरघुरणारी व्हॅन लोण्यातून सुरी फिरावी तशी चढ चढून फाटकात गेली. गर्दीने असा जल्लोष केला की सायकलवरचा माणूस सायकलसकट आडवा झाला.

हे सगळं बाजूला उभी राहून एक बाई पाहत होती. तिच्या हातात गाड्यांचे दोष वाचणारं स्कॅनर होतं. खालच्या रस्त्यावर तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा वर्कशॉप होता आणि दिसेल त्याला मीटर लावून बघायची सवय असल्याने सगळे तिला मीटरताई म्हणत. व्हॅनच्या ड्रायव्हरने, हळूभाऊने, नेहमीप्रमाणे दोघांनाही फोन केला होता. आधी बाबांना, मग ताईला. धोका कशाला घ्यायचा?

बाबांची नजर तिच्यावर पडली. "ताई, लाव तुझं यंत्र! होऊन जाऊ दे. सांग लोकांना काय दिसतं ते."

तिने फाटकात जाऊन स्टिअरिंगखाली वायर जोडली. पडद्यावर एकही दोष नव्हता.

"काय म्हणतंय?" लोक गाडीच्या खिडक्यांना चिकटले.

"दोष नाही म्हणतंय," ती म्हणाली. जे दिसलं तेच बोलली.

तेवढ्या एका वाक्यावर बाबांचं पुढचं सगळं भांडवल उभं राहिलं. मागच्या सीटवर तिचे वडील, अण्णा, बसले होते. शेजारी त्यांचे डायलिसिसचे सोबती शिंपीकाका. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती नजर मीटरताईला मुळीच आवडली नाही.

दोघं व्हॅनमधून उतरताना बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "लोखंड बरं झालं, मग तुमचं मांस का होणार नाही? यंत्राने रक्त धुवायची सवय लावली की मूत्रपिंड आळशी होतं. सोडून बघा ते यंत्र. माझं पाणी प्या."

---

पुढच्या फेरीच्या दिवशी अण्णा चप्पल घालेनात.

"मी येत नाही."

"अण्णा, गाडी खाली उभी आहे."

"उभी राहू दे. तिला आता सवय आहे."

उभं आयुष्य त्यांनी गिअर उघडण्यात घालवलं होतं. बोटांच्या रेषांत बसलेलं काळं तेल कुठल्याही साबणाला दाद देत नसे. मीटरताई पाना धरायला त्यांच्याकडूनच शिकली होती, आणि वाद घालायलाही.

"तो बाबा काय डॉक्टर आहे?"

"नसेल. पण तुला शिकवताना मी काय म्हणायचो? माणसाचं ऐकू नको, मीटरचं ऐक. आता मीटर बाबांच्या बाजूने बोललं तर ऐकायचं नाही?"

"मी गाडीबद्दल बोलले होते!"

"मलाही गाडीच समज. जुनी."

आईने दारातून बाजू घेतली, अर्थात अण्णांची. "राहू दे गं एक वेळ. बघ ना, किती टवटवीत दिसतायत. नाहीतर तिथून आले की दुसऱ्या दिवसापर्यंत उशीला चिकटलेले असतात."

ते खरं होतं. दोन दिवस अण्णा हसत होते, खिडकीचा मोडलेला खटका त्यांनी दुरुस्त केला, वर शेजाऱ्याला फुकट सल्लेही दिले. शिंपीकाकाही जाईनासे झाले. काका मोठे हौशी. डायलिसिसच्या सगळ्या मंडळींना त्यांनी एकाच पद्धतीचे शर्ट शिवून दिले होते: डाव्या बाहीला दंडावर बटणांची फट. बटणं उघडली की शर्ट न काढता सुई टोचता यायची. "सुई माझा धंदा आहे," ते सिस्टरला म्हणायचे, "तू फक्त टाके नीट घाल."

केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि मीटरताईला त्याचीच जास्त भीती वाटली. "दोन दिवस बरं वाटतं. म्हणूनच लोक फसतात. आत पाणी साठतं, पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबताना आधी कळवत नाही. आणखी एक फेरी चुकू देऊ नका. ओढून आणा."

ओढून? अण्णांना आजवर कोणी ओढून कुठे नेलेलं नव्हतं, लग्नालासुद्धा. आणि त्यांच्या हातात पुरावा होता, तो त्यांच्या मुलीनेच दिलेला. खोटं ती बोललेली नव्हती. मग खरं बोलून माणूस मरतो कसा?

---

दुपारी हळूभाऊ व्हॅन घेऊन वर्कशॉपच्या दारात आला.

"ताई, जरा रेडिओ बघता का?"

"रेडिओ? गिअर सोडून?"

"गिअर बाबा बघतात. गिअरला पाना लावायचा नाही असं केंद्राच्या अध्यक्षसाहेबांनी सांगितलंय. रेडिओबद्दल ते काही बोलले नाहीत." हळूभाऊ आदेश शब्दशः पाळणारा माणूस होता, म्हणून तर एवढा हळू चालवायचा. "काय होतं, बाबांचा स्पर्श झाला की माझी सगळी स्टेशनं पुसली जातात. दर वेळी! तासभर बसून जुन्या गाण्यांचं स्टेशन लावायचं, की आला चमत्कार, गेलं स्टेशन. घड्याळसुद्धा बारावर."

मीटरताईच्या हातातला फडका थांबला. "घड्याळ बारावर?"

"लोक म्हणतात हाच मोठा चमत्कार. बाबांनीच सांगितलं, कृपेच्या क्षणी काळ शून्यावर येतो."

"हळूभाऊ, काळ शून्यावर येत नाही. बॅटरीची वायर काढली की घड्याळ बारावर येतं."

हळूभाऊने पुढेमागे पाहिलं, जणू काळ कुठून ऐकत असावा.

तिने स्कॅनर जोडलं. पुन्हा तेच, एकही दोष नाही. पण या वेळी ती पुढच्या पानावर गेली, जे पान त्या दिवशी गर्दीच्या गोंगाटात तिने उघडलंच नव्हतं. दोषांची नोंद पुसल्यापासून गाडी किती चालली, ते तिथे दिसतं. आकडा एवढासा होता, की शेवटच्या चमत्कारापासूनच्या फेऱ्यांत त्याचा हिशोब पुरा होत होता. म्हणजे दर चमत्काराला गाडीची स्मरणशक्ती कोरी होत होती. पट्टशिष्य नाडीला पाणी लावत नव्हता. वायर काढून, थोडं थांबून, परत लावत होता.

यंत्राने दोष नाही असं सांगितलंच नव्हतं. दोष आठवत नाही, एवढंच सांगितलं होतं. मूर्च्छा येऊन पडलेल्याला विचारलं, "काय झालं?" आणि तो म्हणाला, "मला काही आठवत नाही," तर त्याला कोणी तब्येतीचा दाखला देत नाही. तिने तो दिला होता, तोही गर्दीसमोर.

"पण गाडी बरी होते ना, ताई," हळूभाऊ म्हणाला. "चढते ना?"

"किती वेळ? तुम्ही सगळ्या गावातून माणसं गोळा करत येता. चढ कधी लागतो?"

"शेवटी."

"म्हणजे गिअरबॉक्सचं तेल सगळ्यात गरम केव्हा असतं?"

"शेवटी," हळूभाऊ म्हणाला आणि स्वतःच्याच उत्तराने जरा दचकला.

तिने त्याला समजावलं. या गाडीत गिअर माणसाचा हात बदलत नाही, तेलाचा दाब बदलतो. तो दाब कमी-जास्त करायला आत विजेवर चालणारा एक बोटभर नळ असतो, त्याला प्रेशर सोलेनॉइड म्हणतात. त्याच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. समजा ती तार कुठे तुटायला आली असेल. थंड असताना टोकं एकमेकांना टेकलेली, वीज जाते. गरम झाली की तार ताणली जाते, टोकं सुटतात, वीज बंद. मग गाडीचा कॉम्प्युटर घाबरतो, दाब पूर्ण चढवतो, म्हणून धाडकन झटका. आणि गाडीला एकाच वरच्या गिअरमध्ये अडकवून ठेवतो. त्या गिअरवर सपाट रस्ता कसाबसा कापता येतो, चढ नाही. किल्ली काढून बाबा डोळे मिटून उभे राहतात तोवर तेल निवतं, टोकं टेकतात, वायर काढल्याने कॉम्प्युटरही सगळं विसरलेला असतो.

"म्हणजे बाबा काय करतात?"

"वाट बघतात. तेवढं मात्र मनापासून करतात."

पण 'समजा' वर गिअरबॉक्स खोलत नाहीत. पोट आधी कापायचं आणि मग दुखतंय कुठे विचारायचं, ही त्यांच्या घरची रीत नव्हती. दोष रंगेहाथ पकडायला हवा होता.

---

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला ती हळूभाऊशेजारी बसली, स्कॅनर पहिल्यापासून जोडून. मागे अण्णांची जागा रिकामी, शिंपीकाकांची रिकामी. चढाच्या मध्यावर धाडकन झटका बसला आणि पडद्यावर ओळ उमटली: प्रेशर सोलेनॉइड, सर्किट तुटलेलं. तिने त्या ओळीचा फोटो काढून ठेवला.

गर्दी जमायला वेळ लागला नाही. बाबा यायचे होते. मीटरताईने ठरवलं, आज लोकांना दाखवूनच द्यायचं. ती खाली उतरली, किल्ली काढून घेतली, सगळ्यांदेखत बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर सोडवली आणि बॉनेटवर तळहात टेकून गंभीर आवाजात म्हणू लागली:

"ऑइल सील... फॅन बेल्ट... क्लच प्लेट... वायसर नट, वायसर नट..."

चहाच्या फेऱ्या झाल्या. तिने वायर लावली, किल्ली फिरवली. व्हॅन सुळ्ळकन पुढे सरकली.

"बघितलंत?" ती ओरडून म्हणाली. "मी सुट्या भागांची नावं घेत होते! यात काही नाही, गाडी फक्त थंड..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. एक बाई कडेवरचं पोर पुढे करून म्हणाली, "ताई, याला पण हात लावा हो. रात्र रात्र रडतो." मागून कोणीतरी 'वायसर नट' लिहून घ्यायला कागद मागत होतं. आणि तेवढ्यात बाबा आले, क्षणभर परिस्थिती जोखली आणि दोन्ही हात पसरून हसले.

"माझीच शक्ती! त्या दिवशी तिच्या यंत्रावर माझी दृष्टी पडली होती ना?"

टाळ्या पडल्या. ढोंग उघडं पाडायला मीटरताई गेली होती आणि ढोंगाची शाखा काढून आली होती.

फाटकात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्या गर्दीकडे बघतही नव्हत्या. "शिंपीकाकांना पहाटे आणलं. बेशुद्ध. हृदय नीट चालत नाहीये." मग हळू आवाजात, "तुमचे अण्णा?"

मागून बाबांचा आवाज आला, "त्यांची श्रद्धा कमी पडली, दुसरं काय!"

"ती गाडी खोला तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अध्यक्षांचं मी बघते."

---

संध्याकाळच्या आत नवा सोलेनॉइड बसला आणि जुना आईच्या स्वयंपाकघरात आला.

"कढई? माझी कढई? त्या घाणेरड्या तेलाला?"

"नवी आणून देईन, आई."

"नव्या कढईत काही नीट होत नसतं!" असं म्हणत आईने कढई दिली.

अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. शिंपीकाकांचं त्यांना कळलं होतं. मीटरताईने त्यांना हाक मारली नाही. तिने सोलेनॉइडला मीटरच्या वायरी जोडल्या. मीटर 'पीऽऽऽ' करून ओरडू लागलं. वीज आरपार जात होती, सगळं ठीक. मग तिने तो चिमट्याने गरम तेलात सोडला.

पीऽऽऽ. पीऽऽऽ. आणि गप्प.

भिंतीकडचं डोकं जरासं हललं.

तिने तो बाहेर काढून खिडकीत ठेवला. वारा लागला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, पीऽऽऽ.

"चिमटा उलटा धरलायस," अण्णा म्हणाले.

ते उठून बसले, भिंतीला धरत आत आले आणि चिमटा तिच्या हातातून घेतला. तेलात घातला: गप्प. खिडकीत ठेवला: ओरडला. पुन्हा तेलात. आई पदराने नाक झाकून बघत राहिली. शेवटी अण्णांनी गॅस बंद केला.

"त्या दिवशी घड्याळ बारावर गेलेलं मी सीटवरून बघितलं होतं," ते म्हणाले.

मीटरताईने मीटर बंद केलं. "म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"बॅटरीची वायर मला कळत नाही होय? चाळीस वर्षं काय भाजी विकली मी?"

"मग का, अण्णा?"

"दिवसाआड सुया टोचून घेणाऱ्या माणसाने कधीतरी अडाणी व्हायचं नाही का?" ते खुर्चीत बसले. "वाटलं, असेल. एखाद वेळेस असेलही. मला तसं असायला हवं होतं गं. आणि तो शिंपी माझ्याकडे बघून थांबला. म्हणाला, अण्णा जात नाहीत म्हणजे त्यात काहीतरी असणार. त्यांना यंत्रातलं कळतं."

त्यांनी पाय वर घेतला आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. बराच वेळ ते त्या खड्ड्याकडे बघत होते, जसं कधीकाळी गिअरच्या एखाद्या झिजलेल्या दात्याकडे बघायचे.

"दोन दिवस बरं वाटलं ते थंड होतो म्हणून," ते म्हणाले. "आता गरम व्हायला लागलोय. काढ गाडी."

---

त्याच रात्री केंद्रात त्यांच्यासाठी खास मशीन लावलं गेलं. त्यानंतरच्या फेरीला अण्णा नेहमीच्या सीटवर होते. चढाच्या तोंडाशी बाबा आणि गर्दी तयारीत होती. व्हॅन आली, झटका न देता चढू लागली. लोकांच्या चेहऱ्यावर चक्क निराशा पसरली.

"इथेच थांबव," अण्णा म्हणाले. "ऐन चढावर."

हळूभाऊने थांबवली. अण्णा मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन उतरले, जुना सोलेनॉइड आणि मीटर हातात घेऊन. हळूभाऊने उकळत्या पाण्याचा थर्मास आणला होता. तेलाइतकी नसली तरी एवढी धग त्या तारेला पुरते, हे अण्णांनी घरी ताडून पाहिलं होतं. लोकांसमोर त्यांनी तोच खेळ केला: गरम झाला, गप्प, निवला, ओरडला. मग थर्मासमध्ये पुन्हा बुडवून तो बाबांसमोर धरला.

"घ्या. आता गरम आहे. आता याला निवू न देता, नुसत्या स्पर्शाने बोलतं करा. बॉनेट बंद, किल्ली चालू, घड्याळ चालू."

"संशय असतो तिथे शक्ती येत नाही," बाबा म्हणाले.

"बॅटरीची वायर सोडवलेली असली की येते वाटतं?"

पट्टशिष्य मागच्या मागे निघाला होता. घाईत त्याच्या झब्ब्याच्या खिशातून काहीतरी रस्त्यावर खणखणलं. सायकलवाल्याने ते उचललं: बॅटरीची वायर सोडवतात तो दहा नंबरचा पाना.

"हा कशाला लागतो हो, बाबा?" त्याने अगदी निरागसपणे विचारलं. "नाडी बघायला?"

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. बाबा हसले नाहीत. सगळे हसले असंही नाही. काही जण मान खाली घालून निघून गेले. पुढच्या आठवड्यात ते दुसरा बाबा शोधतील, हे अण्णांना त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

"माझी मुलगी त्या दिवशी म्हणाली, दोष नाही," अण्णा म्हणाले. त्यांना दम लागत होता. "तिने म्हणायला हवं होतं, दोष आठवत नाही. आणि मी विचारायला हवं होतं, पुसला कोणी? एवढंच करा तुम्ही. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, बॉनेटखाली कोण वाकलं होतं? आणि लगेच टाळ्या वाजवू नका. थोडं थांबा. गरम होऊ द्या. मग पुन्हा बघा. खरं असेल तर ते गरम झाल्यावरही खरंच राहील."

व्हॅन जागेवरून निघाली आणि तो चढ चढून गेली.

शिंपीकाका आदल्या संध्याकाळीच गेले होते. त्यांच्या पलंगावर नवी चादर घातली होती. शेजारच्या पलंगावर अण्णा आडवे झाले. सिस्टर सुई घेऊन आली, तेव्हा मीटरताई पुढे झाली. अण्णांनी मान हलवून तिला थांबवलं आणि डाव्या बाहीवरची बटणं, एक एक करून, स्वतःच्या काळ्या बोटांनी उघडली.